बोलका पडदा, मोजके शब्द

सपाट काचेवर बोटांना बटण लागत नाही; म्हणून अंध वाचकासाठी फोनच बोलतो. २००९ साली आयफोन ३जीएसमध्ये ‘व्हॉइसओव्हर’ आले; अँड्रॉइडवर हेच काम ‘टॉकबॅक’ करते. पडद्यावर बोट फिरवले की त्याखाली काय आहे ते ऐकू येते; दोनदा टिचकी मारली की ते उघडते.

वाचनाच्या अ‍ॅपमध्ये या बोलण्याचा क्रम महत्त्वाचा. आधी नाव, मग प्रकार: ‘पुढचे प्रकरण, बटण’. वापराची सूचना सर्वांत शेवटी, म्हणजे सरावलेला वाचक ती न ऐकताच पुढे सरकतो. बोट दुसरीकडे गेले की आधीचे बोलणे तिथेच थांबावे. पान उलटल्याचे सांगायला शब्द नकोत. बारीकसा आवाज पुरतो, गोष्टीची लय मोडत नाही. चित्ररूप बटणाला मात्र नाव द्यायलाच हवे. नाहीतर ते कशाचे, हे ऐकणाऱ्याला कळतच नाही.