बल्ब राहू द्या, शिंपले आणा

वसमतहून एका वाचकांनी विचारलं आहे: परसात पाच-सहा गावरान कोंबड्या पाळल्या आहेत, दिवाळीनंतर अंडी निम्म्यावर आली. मोबाईलवरचा एक व्हिडिओ सांगतो की खुराड्यात रात्री बल्ब लावा, अंडी दुप्पट. लावू का?

व्हिडिओतलं विज्ञान खोटं नाही, त्याचा पत्ता चुकला आहे. पण ते विज्ञान इतकं सुरस आहे की आधी तेच सांगतो.

1920च्या दशकात कॅनडातल्या एडमंटनमध्ये विल्यम रोवन यांनी जुन्को नावाच्या छोट्या पक्ष्यांच्या उघड्यावरच्या पिंजऱ्यांत दिवे लावले. पारा शून्याखाली कितीतरी अंश, तरीही दिवस लांबल्याचा भास होताच भर हिवाळ्यात पक्ष्यांची प्रजननग्रंथी वाढू लागली. म्हणजे वसंताची वर्दी उबेतून नव्हे, उजेडातून मिळते. मग 1930च्या दशकात फ्रान्सचे जाक बेन्वा यांनी बदकांवर प्रयोग केले आणि गोष्ट आणखी चमत्कारिक झाली. डोळे काढलेली बदकंही उजेडाला तसाच प्रतिसाद देत होती! क्वार्ट्झच्या बारीक कांडीतून त्यांनी उजेड थेट मेंदूच्या तळाशी पोहोचवला, तिथेही तो लागू पडला. पुढे अमेरिकेत मायकेल मेनाकर यांनी चिमण्यांच्या डोक्याच्या कातडीखाली काळी शाई टोचली, तर परिणाम घटला. डोक्यावरची पिसं उपटली, तर वाढला. पक्ष्याला ऋतू कळतो तो कवटीतून झिरपणाऱ्या उजेडानं. मेंदूत खोलवर असलेली प्रकाशग्राही प्रथिनं हाती लागायला बेन्वांनंतर अर्धं शतक उलटून गेलं. जगभरच्या लेअर फार्ममधली सोळा तासांच्या उजेडाची पद्धत ज्या तत्त्वावर चालते, ते उलगडण्यात बेन्वांचा वाटा मोठा. पण कुक्कुटपालनाच्या पुस्तिकांत त्यांचं नाव सहसा सापडत नाही.

आता वसमतला येऊ. लंडनमध्ये डिसेंबरचा दिवस आठ तासांहूनही लहान असतो; तिथली कोंबडी संपावर जाते यात नवल नाही. वसमतचा सर्वांत लहान दिवस सुमारे अकरा तासांचा आणि सर्वांत मोठा सव्वातेरा तासांचा. उणीव आहे, पण ती फार तर सव्वादोन तासांची. बल्बनं थोडा फरक पडेलही. मात्र तो रोज ठरलेल्या वेळी लागला पाहिजे. चार दिवस लावला, पाचव्या दिवशी वीज गेली, की कोंबडीच्या लेखी दिवस अचानक आखूड झाला, आणि तो तर अंडी थांबवण्याचा इशारा. भारनियमनाच्या गावात हा उपाय नसलेला बरा.

शिवाय रोज अंड्याचा हट्ट मुळातच चुकीचा. एक अंडं तयार व्हायला चोवीस तासांहून थोडा जास्त वेळ लागतो. त्यातले वीसेक तास नुसतं कवच चढवण्यात जातात. त्यामुळे कोंबडीचं वेळापत्रक पूर्णा-अकोला मार्गावरच्या एखाद्या रखडणाऱ्या गाडीसारखं होतं: आज सातला, उद्या आठला, परवा सव्वानऊला, असं सरकत सरकत दुपार गाठते आणि मग एक दिवस गाडीच रद्द. दुसऱ्या दिवशी पुन्हा सकाळी वेळेवर. गावरान कोंबडी तर दहा-पंधरा अंडी झाली की खुडूक बसते. वर्षाकाठी 60-70 अंडी हीच तिची चाल. याहून जास्त हवी असतील तर हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयानं काढलेली ग्रामप्रिया पाळावी, ती 200 गाठते. कोंबडीचा खुडूकपणा मोडायचा असेल तर तिला चार दिवस जाळीच्या तळाच्या हवेशीर पिंजऱ्यात ठेवा आणि अंडी रोजच्या रोज उचला. पण ती एकवीस दिवस विजेशिवाय चालणारं उबवणी यंत्र आहे, हेही ध्यानात असू द्या.

दिवाळीनंतर पिसं झडत असतील तर अंडी थांबणारच. नवी पिसं घडवायला प्रथिनं लागतात. खरा घोटाळा बहुधा खाण्यात असतो. एका कवचात जवळपास दोन ग्रॅम कॅल्शियम जातं, आणि ज्वारी-मक्यात ते नावापुरतं असतं. मग कोंबडी स्वतःच्या हाडांतून काढते, अंडं पातळ कवचाचं येतं, शेवटी बंद होतं. कवच रात्री चढतं, म्हणून शिंपल्याचा चुरा संध्याकाळी ठेवा. आपल्याकडे सोयाबीन मुबलक, पण कच्चं घालू नका. त्यातला ट्रिप्सिनरोधक प्रथिनांचं पचनच अडवतो. भाजून द्या किंवा पेंड द्या. बलक गडद व्हावा म्हणून हळद घालायचीही गरज नाही, निदान वसमतसारख्या हळदीच्या बाजारपेठेत तरी ती उधळपट्टी ठरेल. बलकाचा रंग मका आणि हिरव्या पाल्यातल्या झँथोफिलचा असतो, आणि गडद बलक म्हणजे जास्त पौष्टिक असंही नाही.

आपल्या भागात हिवाळ्यापेक्षा मे महिना जास्त घातक. कोंबडीला घाम येत नाही, ती धापा टाकते. त्यात रक्तातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कवचाला लागणारं बायकार्बोनेट कमी पडतं. खुराड्याच्या पत्र्यावर पाचट किंवा तुराट्या टाका, पाणी मातीच्या भांड्यात आणि सावलीत ठेवा, दाणा पहाटे नि सांजेला द्या.

एवढं सगळं केलं आणि मानमोडी (राणीखेत) आली, तर आठवड्यात परस रिकामं होतं. लासोटा लस पिलांना पाचव्या ते सातव्या दिवशी द्यायची, पुढची आर-टू-बी साधारण आठव्या आठवड्यात. अडचण एवढीच की लसीची कुपी शंभर किंवा त्याहून जास्त पक्ष्यांची येते आणि एकदा कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते. तेव्हा बल्बच्या पैशात आधी शिंपले आणा, मग गल्लीतल्या सगळ्या कोंबडीवाल्यांना गोळा करून पशुवैद्यकीय दवाखान्यातून एकच कुपी आणा आणि एकाच सकाळी सगळ्यांच्या कोंबड्यांना द्या.