अर्ध्या मिलिमीटरचा हिशेब

कोकणच्या बंदरांत फायबरच्या होड्या आता सर्रास दिसतात, आणि त्यांच्या तकतकीत निळ्या-पांढऱ्या अंगाकडे पाहणाऱ्यास हा रंग होडी तयार झाल्यावर वरून चढविलेला असावा असेच वाटते. वस्तुतः क्रम नेमका उलट असतो. साच्याला मेण लावून झाल्यावर त्यात जो पहिला थर पडतो तो जेलकोटचा, त्याच्या पाठीवर रेझिनमध्ये भिजविलेली काचतंतूंची मॅट थरावर थर चढविली जाते, आणि होडी साच्यातून सोडविली म्हणजे सर्वांत आधी घातलेला थर सर्वांत बाहेर येतो. जो थर पुढे वर्षानुवर्षे ऊन, खारे पाणी आणि वाळूचे घर्षण सोसणार, त्याची निवड अशा रीतीने कामाच्या आरंभीच करून टाकावी लागते, आणि त्याची जाडी असते उणीपुरी अर्धा मिलिमीटर.

बाजारातला सर्वांत स्वस्त जिन्नस म्हणजे ऑर्थोथॅलिक पॉलिएस्टरचा जेलकोट, कारागिरांच्या तोंडी नुसता ‘ऑर्थो’. छताखालच्या वस्तूंना तो पुरतो. पाण्यात अहोरात्र राहणाऱ्या तळाला पुरत नाही. त्याच्या वरच्या दर्जाचा ‘आयसो’ हा पाण्याला व उष्णतेला अधिक दाद न देणारा, आणि त्यात निओपेंटिल ग्लायकॉल योजिलेले असेल तर अधिकच टिकाऊ. कारण पाणी पॉलिएस्टरमधील ज्या एस्टर-बंधावर घाला घालते, त्या बंधाला या ग्लायकॉलच्या रेणूतील दोन मिथिल गट आडोसा देतात. व्हिनिल एस्टरमध्ये हे बंध मुळातच थोडे व साखळीच्या टोकांशी असल्याने पाणी, रसायने आणि उष्णता या तिन्ही बाबतींत तो सरस ठरतो. मात्र उन्हात तो पिवळटतो व खडूसारखा भुरकट होतो; सबब, दिसत्या पांढऱ्या पृष्ठभागासाठी केवळ महाग म्हणून तो घेणे हे शहाणपण नव्हे.

जेलकोट म्हणजे अभेद्य तटबंदी, हा समज पाश्चात्त्य देशांतील क्रीडानौकांच्या मालकांना फार महाग पडला. पाण्याचे रेणू जेलकोटमधून सावकाश झिरपतातच; आतल्या थरात विद्राव्य द्रव्ये शिल्लक असली तर ती त्या पाण्यात विरघळतात, तो द्राव परासरणाने आणखी पाणी ओढतो, आणि वाढलेल्या दाबाने तळावर फोड येतात, ज्यांतून फोडल्यावर आंबूस वासाचे पाणी निघते. १९८०च्या दशकात अमेरिकेतील ऱ्होड आयलंड विद्यापीठात या व्याधीचा पद्धतशीर अभ्यास झाला. उपाय म्हणून रूढ झाली ती तजवीज साधी आहे: बाहेर आयसो-निओपेंटिलचा जेलकोट आणि त्याच्या लगोलग पाठीशी व्हिनिल एस्टरमध्ये भिजविलेला पहिला थर.

साच्याचा जेलकोट हे मात्र निराळे प्रकरण आहे, आणि उरलेला होडीचा जेलकोट साच्याला फासण्याची जी काटकसर काही कारखान्यांत चालते तिच्याइतकी खर्चिक काटकसर दुसरी नसेल. प्रत्येक नगाबरोबर साच्याला रेझिन घट्ट होतानाची उष्णता, त्यातील स्टायरिन या द्रावकाचा मारा आणि नग सोडविताना बसणारे ठोके सोसावे लागतात. तेथे ऑर्थो वापरला तर पृष्ठभाग मऊ पडतो, मॅटची वीण वर उमटते, आणि तीच वीण त्या साच्यातून निघणाऱ्या हरएक होडीवर छापली जाते. यासाठी कठीण, उष्णतारोधक, बहुधा व्हिनिल एस्टरवर बेतलेला टूलिंग जेलकोट दोन हातांत मिळून जवळजवळ एक मिलिमीटर देतात. तो काळा, हिरवा किंवा नारिंगी असतो याचे कारण शोभा नव्हे. त्यावर पुढे पडणारा पांढरा थर कोठे विरळ राहिला हे तत्काळ दिसावे, एवढाच त्याचा हेतू. नग इपॉक्सीचे करून भट्टीत तापवायचे असतील तर साचाही इपॉक्सीचाच हवा. अमाइनने घट्ट केलेल्या इपॉक्सीवर पॉलिएस्टर धड धरत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

उत्तम जेलकोटही हातघाईने नासतो. थर फार पातळ पडला तर तो अर्धवट घट्ट होतो आणि मागच्या रेझिनमधील स्टायरिनने सुरकुततो. फार जाड झाला तर ठोक्यासरशी तडकतो. म्हणून ओल्या थराची जाडी दातेरी मापपट्टीने पाहावी, अंदाजाने नव्हे. हार्डनर साधारणतः शेकडा १ ते २ या प्रमाणात, पुरवठादाराच्या कागदाबरहुकूम घालावा. मे महिन्याच्या दुपारी डबा हातातच गोठतो म्हणून मनास येईल तसा तो कमी करणे म्हणजे थर कायमचा कच्चा ठेवणे होय, त्यापेक्षा काम पहाटे करावे. रेझिन घट्ट होण्यास गती देणारे कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत, स्फोट होतो. आणखी एक घोटाळा नेहमीचा: मेण घातलेला टॉपकोट जेलकोट समजून साच्यात वापरला जातो. त्यातले मेण वर येऊन थर कोरडा होतो, हे शेवटच्या थरास इष्टच. साच्यात मात्र पुढची मॅट त्याला चिकटत नाही.

होडीचा बयाना देणाऱ्या मच्छीमार बंधूंना एवढीच विनंती, की करारात लांबी, रुंदी आणि मॅटचे थर यांच्या जोडीला जेलकोटचा प्रकार व त्याच्या पाठीमागच्या पहिल्या थराचे रेझिन ही दोन नावेही लिहून घ्यावीत. होडी पाण्यात उतरल्यावर ती नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाहीत.