आधी बस्टर, मग चार्ली

मुलांना जुने विनोदी मूकपट दाखवायचे म्हटले की बहुतेक घरांत थेट चार्ली चॅप्लिन लागतो. माझ्या मते सुरुवात बस्टर कीटनने करावी, आणि तीही १९२० सालच्या ‘वन वीक’ने. जेमतेम वीस-पंचवीस मिनिटांचा खेळ. नवपरिणीत जोडप्याला सुट्या भागांचे घर भेट मिळते. मुलीने नाकारलेला तरुण खोक्यांवरचे आकडे गुपचूप बदलतो आणि घर वेडेवाकडे उभे राहते. वादळात ते गरगर फिरते. मग कळते, प्लॉटच चुकलाय! ओढून नेताना घर रुळांवर अडकते, समोरून आगगाडी येते आणि शेजारच्या रुळावरून निघून जाते. दोघे हुश्श करतात, तोच उलट दिशेने दुसरी गाडी येऊन घराचा चुराडा करते. ठोकळे रचणाऱ्या मुलाला यातले काही समजावावे लागत नाही. पुढे काय बिघडणार हे पात्रांच्या आधी आपल्याला कळले, यातच त्याचा आनंद असतो.

त्यानंतर लॉरेल-हार्डीचा ‘द म्युझिक बॉक्स’ (१९३२) लावावा. हा बोलपट आहे, ऑस्कर मिळालेला. पण संवाद कळले नाहीत तरी फारसे अडत नाही. दोघे लांबलचक जिना चढून पियानो वर नेतात. वर पोस्टमन सांगतो, मागून गाडीरस्ता होता की! मग हे दोघे पियानो पुन्हा खाली आणतात, गाडीत घालतात आणि त्या रस्त्याने वर नेतात. इथे मुले पडद्याकडे पाहून ओरडतात, आणि त्यांना ओरडू द्यावे.

हॅरॉल्ड लॉइडच्या ‘सेफ्टी लास्ट’मध्ये (१९२३) तो घड्याळाच्या काट्याला लटकतो, तेव्हा “खरंच लटकला होता का?” हा प्रश्न ठरलेलाच. खरे सांगावे: इमारतीच्या गच्चीवर खोटी भिंत उभारली होती, खाली गाद्या होत्या. शिवाय १९१९च्या एका स्फोटात लॉइडच्या उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी गेली होती. हातमोजा घालून तो हे सगळे करत होता. ही माहिती मुलांना फार आवडते.

पडद्यावरच्या इंग्रजी पाट्या मराठीत मोठ्याने वाचायला घरातले कुणीतरी शेजारी बसायलाच हवे. आजी-आजोबा असतील तर फारच छान. चित्रपट आधी स्वतः पाहून ठेवावा. कीटनच्या ‘सेव्हन चान्सेस’मध्ये (१९२५) काळे फासून कृष्णवर्णीयांची केलेली टिंगल आहे. ती आली की थांबून, हे वाईट आहे, असे स्पष्ट सांगावे.

‘द किड’ (१९२१) मात्र थोडा उशिराच दाखवा. छोटा जॅकी कूगन दगड मारून खिडक्या फोडतो आणि चार्ली काचा बसवायला हजर होतो, तोवर हसून पुरेवाट होते. पण अनाथालयाची माणसे पोराला गाडीत घालून नेतात, तो हात पसरून रडतो आणि चार्ली छपरांवरून धावत सुटतो. “सापडतो ना तो?” असे मूल विचारतेच. तेव्हा उत्कंठा राखत बसू नका. सापडतो, असे लगेच सांगून टाका.