प्रपंचात राहून पुन्हा विद्यार्थी



चार वर्षांपूर्वी एम.ए.च्या वर्गात आम्ही पहिले पाऊल टाकले तेव्हा सगळी मुले ताडकन उठून उभी राहिली. आमचे पांढरे केस पाहून नवे प्राध्यापक आले, असा त्यांचा समज झाला होता. आम्ही मुकाट्याने शेवटच्या बाकावर जाऊन बसलो, आणि जो हशा पिकला तो अजून कानांत आहे. त्या वेळी आमचे वय ४७ होते, बी.ए. होऊन २५ वर्षे लोटली होती. या विषयावर चार शब्द बोलण्याचा आमचा अधिकार असलाच तर एवढाच.

या वयात शिकू पाहणाऱ्याला पहिली शंका येते ती स्वतःच्या डोक्याविषयी. 'आता कुठले लक्षात राहायला!' असे तो स्वतःच म्हणतो, आणि शेजारीही म्हणतात. शंका अगदीच निराधार नाही. नवी, सुटी माहिती झटपट टिपण्याचा वेग तारुण्य ओसरू लागले की हळूहळू मंदावतो. शब्दसंपत्ती आणि साठलेले ज्ञान मात्र पुढेही कित्येक वर्षे टिकते, बहुधा वाढते. शिवाय 'विसरलो' म्हणजे काय, हेही नीट पाहिले पाहिजे. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली स्मरणशक्तीवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. तो निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ करी, काही काळ जाऊ देई, आणि त्याच याद्या पुन्हा पाठ करी. दुसऱ्या खेपेस वेळ कमी लागे. एक महिना लोटल्यावरसुद्धा सुमारे पाचवा हिस्सा वेळ वाचत असे. म्हणजे पाटी पुसलेली दिसली तरी तिच्यावर पेन्सिलीचे ओरखडे राहिलेले असतात. आमचा विषय अर्थशास्त्र. मागणीची लवचिकता आम्ही साफ विसरलो होतो. ती दोन संध्याकाळींत परत आली. संख्याशास्त्र पूर्वी शिकलोच नव्हतो, ते मात्र दोन महिने दारात उभे करीना.

पहिल्या अंतर्गत परीक्षेत ३० पैकी ९ गुण मिळाले. घरी सांगितले नाहीत. चूक कुठे झाली ते पुढे ध्यानात आले. आम्ही जुन्या सवयीने तेच पान पाच-पाच वेळा वाचत होतो आणि तांबड्या पेन्सिलीने रेघा मारीत होतो. २००६ साली रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकेतील दोन संशोधकांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो बाजूला ठेवून आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. संसारी माणसाला हे फार सोयीचे आहे. पुस्तक मिटून आठवण्यास टेबल लागत नाही. बसच्या रांगेतही ते साधते.

तेव्हा डोक्याची चिंता फारशी नको. खरी चिंता वेळेची, आणि तीही 'वेळ कसा काढावा' ही नव्हे. तो कोणाच्या पदरातून काढावा, ही आहे. आमचे वर्ग सकाळी सातला असत, नोकरी त्यानंतर, अभ्यास रात्री. मग आईला दवाखान्यात कोण नेणार, मुलीच्या शाळेत कोण जाणार? दोन वर्षे हे सारे आमच्या पत्नीने केले. पहिल्या वर्षाचा निकाल लागला त्या रात्री ती सहज म्हणाली, "माझे बी.ए.चे शेवटचे वर्ष लग्नात राहिले, ते कुणी विचारले नाही." आमच्यापाशी उत्तर नव्हते.

थोरांच्या चरित्रांतही ही बाजू असते. आपण ती भरभर वाचून पुढे जातो. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्र शिकवून त्यांनी पैसा साठवला, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राचे कर्ज घेतले, आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ साली एम.एस्सी. आणि १९२३ साली डी.एस्सी. झाली. त्या काळात इकडे मुंबईतला संसार रमाबाईंनी ओढला. कोठे ते आणि कोठे आम्ही. पण जमाखर्चाचा हा रकाना दोन्हीकडे आहे.

आता नियमांचे थोडक्यात सांगतो. एम.ए. दूरशिक्षणाने करता येते. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. पीएच.डी. मात्र दूरशिक्षणाने होत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे ती नोकरी सांभाळून अर्धवेळ करता येते. किमान मुदत ३ वर्षे, कमाल ६. फेरनोंदणी केल्यास आणखी २, आणि स्त्रियांना त्यावरही २ वर्षांची सवलत आहे. नोकरदाराला कचेरीचे ना-हरकत पत्र लागते. आमचे पत्र पाच महिने या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होते, म्हणून अर्ज लवकर करावा. शिष्यवृत्तीच्या भरवशावर कोणी राहू नये. 'नेट' परीक्षेत सहायक प्राध्यापकाच्या पात्रतेला वयाची अट नाही. पण कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीला ती आहे, आणि आमच्यासारखे तीत कधीच बसत नाहीत.

गेल्या वर्षी आम्ही पीएच.डी.ला नाव घातले. आमच्या मार्गदर्शक बाई आमच्याहून १४ वर्षांनी लहान. पहिल्या भेटीत त्या आम्हांस 'सर' म्हणाल्या, आम्ही त्यांना 'मॅडम' म्हणालो, आणि दोघेही अवघडून बसलो. मग त्यांनी आमचा २० पानांचा आराखडा पुढे ओढला आणि पहिली ११ पाने तांबड्या शाईने खोडली. त्यानंतर अवघडलेपण राहिले नाही. अनुभवाच्या जोरावर आम्ही त्यांत बरीच विधाने ठोकून दिली होती. प्रत्येकाशेजारी त्यांनी एकच शब्द लिहिला होता : 'कशावरून?' बँकेत २३ वर्षे कर्जाच्या अर्जांवर हाच शेरा आम्ही इतरांना मारीत आलो होतो.

सध्या रात्री साडेनऊनंतर जेवणाचे टेबल दोघांत वाटून घ्यावे लागते. खिडकीकडची बाजू पत्नीची आहे. तिची परीक्षा आमच्या आधी आहे.