कारखाना आणि संगणक : भाग ७
बिलं जुळवणारा बॉट

मागच्या भागात आपण वेल्डिंग करणारा लोखंडी हात पाहिला. आजच्या रोबोला हातच नाहीत. तो संगणकात राहतो, कारकुनासारखा स्क्रीन उघडतो, आकडे वाचतो आणि योग्य रकान्यात भरतो. बोलीत त्याला नुसतं ‘बॉट’ म्हणतात.

कोविडमुळे २५ मार्च २०२०ला देश बंद झाला आणि श्रीपेरुंबुदूर, ओरगडम, मरैमलै नगर हा चेन्नईभोवतीचा मोटारींचा पट्टाही थांबला. ८ मेला ह्युंदाईचं उत्पादन पुन्हा सुरू झालं. १९ जूनपासून चेन्नईत पुन्हा कडक टाळेबंदी आली. अशा दिवसांत ट्रक फाटकाशी पोचतो, पण त्याचे कागद तपासणारी माणसं घरी असतात. तिथे बॉट कामाला येतो.

समजा, अंबत्तूरच्या एका छोट्या वर्कशॉपने ५०० ब्रॅकेट पाठवले. ऑर्डर ५००ची, बिलही ५००चं. पण स्टोअरने तपासून ४८०च स्वीकारले. ऑर्डर, स्टोअरची पावती आणि बिल हे तिन्ही जुळल्याशिवाय पैसे सुटत नाहीत. बॉट ईमेलमधून बिल उचलतो, ईआरपी (कंपनीची हिशेब आणि साठ्याची संगणक प्रणाली) उघडून तिन्ही कागद ताडून पाहतो. जुळलं तर बिल पुढे सरकतं, नाही तर माणसाकडे जातं. जुनी प्रणाली बदलावी लागत नाही, हा त्याचा मोठा फायदा. त्यात १ ऑक्टोबर २०२०पासून ५०० कोटींवर उलाढाल असलेल्यांना जीएसटीचं ई-इन्व्हॉइस सक्तीचं झालं, १ जानेवारी २०२१पासून १०० कोटींवरच्यांना. म्हणजे एका व्यवसायाने दुसऱ्याला दिलेल्या प्रत्येक बिलाची सरकारी पोर्टलवर नोंद. असं ठरावीक, कंटाळवाणं काम बॉटला छान जमतं. बिल वेळेवर सुटलं की वर्कशॉपमधला पगारही वेळेवर होतो; मला हे त्याचं सर्वांत मोलाचं काम वाटतं.

पण बॉटला समज नाही. स्क्रीनवरचं एक बटण हललं तरी तो अडतो. नियम चुकीचा दिला, तर तीच चूक रात्रभर न थकता करत राहतो. आणि ते २० ब्रॅकेट का नाकारले, हे विचारायला फोन माणसालाच करावा लागतो.

टेबलावरचं काम संगणकात गेलं, म्हणून ते करणारा घरी सुरक्षित राहू शकला. जुळणीच्या लाइनवरच्या कामगाराला ही सोय नव्हती. मे २०२१मध्ये, दुसऱ्या लाटेत, रेनॉ-निस्सानची कामगार संघटना सुरक्षित अंतराच्या प्रश्नावर मद्रास उच्च न्यायालयात गेली. २४ मेला ह्युंदाईच्या कामगारांनी कारखान्यातच ठिय्या दिला आणि दुसऱ्या दिवसापासून पाच दिवस कारखाना बंद राहिला. दाराचं पॅनल बसवायला तिथे माणूसच उभा असतो, तोही शेजाऱ्याच्या खांद्याला खांदा लावून.

म्हणून कारखानदारांना माझी एक विनंती आहे. बॉटसाठी पैसे मंजूर कराल, त्याच बैठकीत लाइनवरच्या दोन माणसांमध्ये किती अंतर आहे, हाही आकडा मागवून घ्या.