डिम सम खाल्ल्यावर अंगावर पित्त उठले? अजिनोमोटोला दोष देण्याआधी हे वाचा

हाँगकाँगला मुलाकडे गेलेले आई-वडील. रविवारी दुपारी चांगल्या कँटोनीज रेस्टॉरंटमध्ये डिम समचा बेत ठरतो. टेबलावर चहाची किटली आणि वाफाळत्या बांबूच्या टोपल्या येतात. जेवण संपत येते तसे आईच्या ओठांना खाज सुटते, अंगावर गांधी उठतात. "अजिनोमोटो बाधला," असे घरच्या घरी निदान होते. एक सेट्रिझिन घेतली की विषय संपतो.

पण तो तिथे संपवू नका. खरे कारण कोळंबी असेल, तर पुढची वेळ जिवावर बेतू शकते.

अजिनोमोटोमुळे असे होते का?

१९६८ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेल्या पत्रामुळे चिनी जेवण आणि अजिनोमोटोची भीती जगभर पसरली. नंतरच्या तपासण्यांत ती फारशी टिकली नाही. यातला ग्लुटामेट हा घटक टोमॅटो, चीज आणि मशरूममध्येही नैसर्गिकरीत्या असतो. रिकाम्या पोटी ३ ग्रॅम किंवा जास्त घेतल्यास काहींना थोडा वेळ डोकेदुखी किंवा धडधड होऊ शकते. जेवणात सहसा इतके प्रमाण नसते. गांधी, ओठ सुजणे, दम लागणे ही लक्षणे मात्र ॲलर्जीकडे बोट दाखवतात.

कोळंबी कुठे लपलेली असते?

- हार गाउ: उकडीच्या मोदकासारख्या पातळ पारीत अख्खी कोळंबी
- सिउ माय: डुकराच्या मांसासोबत बहुधा कोळंबीही
- मुळ्याच्या वड्या: नाव भाजीचे, पण आत सुकी कोळंबी, म्हणजे आपले सोडे
- एक्सओ सॉस: सुके शिंपले आणि सुकी कोळंबी

शिवाय एकाच वाफेवर अनेक टोपल्या रचलेल्या असतात. त्यामुळे "यात कोळंबी नाही" एवढे उत्तर पुरेसे नसते.

"आयुष्यभर कोळंबी खाल्ली, आता कशी ॲलर्जी?"

हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. कोळंबीची ॲलर्जी मोठेपणीही सुरू होऊ शकते. ती बहुतेकदा ट्रोपोमायोसिन नावाच्या प्रथिनामुळे होते आणि हे प्रथिन उकडून किंवा तळून नष्ट होत नाही. दारू, आयब्रुफेनसारखी वेदनाशामके किंवा जेवणानंतरचा व्यायाम यांमुळे त्रास वाढू शकतो. मागच्या वेळी फक्त खाज सुटली, म्हणून पुढच्या वेळीही तेवढेच होईल असे नाही.

ही लक्षणे दिसली तर थांबू नका

- श्वास घेताना घरघर, घसा आवळणे, आवाज बसणे
- जीभ सुजणे
- चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, शुद्ध हरपणे
- गांधींसोबत वारंवार उलट्या किंवा पोटात जोराची कळ

हे ॲनाफिलॅक्सिस असू शकते. त्यावरचे पहिले औषध म्हणजे मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत दिलेले ॲड्रेनालिन. सेट्रिझिन खाज कमी करते, जीव वाचवत नाही. डॉक्टरांनी ॲड्रेनालिनचे पेन दिले असेल तर लगेच वापरा आणि रुग्णवाहिका बोलवा: हाँगकाँगमध्ये ९९९, भारतात ११२ किंवा १०८. रुग्णाला आडवे झोपवून पाय उंच ठेवा. दम लागत असेल तर बसू द्या, पण उभे करू नका, चालवू नका. बरे वाटले तरी रुग्णालयात जाणे टाळू नका. काही तासांनी त्रास पुन्हा उलटू शकतो.

डॉक्टरांकडे जाताना

काय खाल्ले, किती वेळाने त्रास सुरू झाला, कोणत्या गोळ्या चालू होत्या, हे लिहून न्या. गांधींचा फोटो काढून ठेवा. त्वचेची किंवा रक्ताची तपासणी मदत करते. पण नुसता पॉझिटिव्ह रिपोर्ट म्हणजे ॲलर्जी नव्हे. तुमची हकिकत त्याहून महत्त्वाची असते. निदान होईपर्यंत कोळंबी, खेकडा आणि शेवंड बंद ठेवा. "थोडीशी खाऊन बघू" हा प्रयोग घरी करू नका.

निदान पक्के झाले असेल, तर प्रवासाआधी ॲड्रेनालिनच्या पेनबद्दल डॉक्टरांशी बोला. "मला कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी आहे" हे वाक्य मुलाकडून चिनी लिपीत कार्डावर लिहून घ्या आणि ऑर्डर देण्याआधीच वेटरला दाखवा. सांगताना संकोच वाटतो, हे खरे. पण त्या टेबलावर तुमच्या ॲलर्जीची माहिती फक्त तुम्हालाच असते.