बकऱ्याचे कातडे आणि शुल्काचे आकडे

खामगाव-मलकापूरच्या कातडे व्यापाऱ्याला सीमाशुल्काशी काय देणेघेणे, असे कुणी म्हणेल. पण मीठ लावलेल्या मालाचा भाव टॅनरीवाला करतो आणि त्याला परदेशी माल स्वस्त मिळू लागला की आपल्याकडचा सौदा ढिला पडतो.

शुल्कसूचीचे ४१वे प्रकरण दोनच गोष्टी विचारते: जनावर कोणते आणि काम कुठवर झाले? बकऱ्याचे कच्चे कातडे, केसांसकट असले तरी, साधारणपणे ४१०३ मध्ये. कमावलेला ओला माल, म्हणजे वेट ब्लू, आणि सुकवलेला क्रस्ट दोन्ही ४१०६ मध्ये, पण उपशीर्षके वेगळी. त्यापुढे तयार केलेले चामडे ४११३ मध्ये. केस राखून कमावले, तर मात्र माल थेट ४३व्या प्रकरणात, फरच्या पंगतीत!

ओले की सुके, हा वाद किरकोळ नाही. १ फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात वेट ब्लूवरचे १० टक्के मूळ आयातशुल्क पूर्ण माफ झाले. क्रस्टवरचे २० टक्के निर्यातशुल्कही उठले. दुसरी सवलत लहान टॅनरींसाठी होती. त्यांची निर्यात वाढली तरच तिचा लाभ गावच्या कातड्यापर्यंत झिरपेल. पहिलीची झळ मात्र थेट कच्च्या मालाच्या भावाला लागू शकते.